पोपटाचा सोमवार

आमच्या घरी पोपट उपास करायचा. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, खरंच का? खरंच बाप्पा. दर सोमवारी, माझ्या सासूबाईंच्या बरोबरीनं. त्या दिवशी त्याला पोळीचा तुकडा नाही, भाताचं शीत नाही, हिरवी मिरचीसुद्धा नाही. "आज सोमवार आहे न, तो काही खात नाही," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. ऐकणारे पिंजऱ्याकडे अशा नजरेनं बघायचे, की आता हात जोडतात की काय असं वाटावं.

आणि उपासाला महाराज खायचे काय? साबुदाण्याची उसळ, चांगली तुपातली. वर भाजलेले शेंगदाणे. दुपारी राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी सासूबाई उपास सोडायला बसल्या की त्यांच्या ताटातल्या शिऱ्याचा पहिला घास. मी एकदा न राहवून म्हटलं, "आई, हा उपास करून राहिला की बारसं जेवून राहिला?" त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहून मी गप पोळ्या लाटायला लागले. गप म्हणजे तोंडानं गप. लाटणं माझ्या वतीनं बोलत होतं.

मी नागपूरची. लग्न होऊन रायपूरला आले त्याला इतकी वर्षं झाली, की माहेरी गेले तर भाऊ म्हणतो, तू तं पूरी छत्तीसगडी होऊन गेली. सासरे रेल्वेत होते. सासूबाई त्यांच्यामागे वर्ध्याकडून इकडे आल्या, रेल्वेच्या क्वार्टरात संसार केला, आणि सासरे रिटायर झाल्यावर आम्ही सगळे या छोट्या घरात आलो. पुढे सासरे गेले. मुलगी शिकून नोकरीला बाहेरगावी गेली. उरलो आम्ही तिघं: सासूबाई, माझा नवरा आणि मी. चौथा तो. त्याला वेगळं नाव काही नाही. रायपुरात पोपट म्हणजे मिठ्ठू, तसा आमचाही मिठ्ठूच.

तो आला क्वार्टरात असताना. वादळात समोरच्या कडुनिंबावरून पिल्लू खाली पडलं, पंख मोडलेला. सासऱ्यांनी टोपलीखाली झाकलं, हळद लावली. पंख जुळला पण वाकडा जुळला, आणि उडणं त्याच्या नशिबातून गेलं ते गेलंच. आपल्याकडचा पोपट घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कळलं तोवर तो म्हातारा झाला होता आणि सासूबाईंखेरीज कुणाला जवळ येऊ देत नव्हता. मला तर त्यानं चावून रक्त काढलंय. मी त्याचा पिंजरा धुणारी, पाणी बदलणारी. आणि प्रेम सगळं त्यांच्यावर. घरातल्या इतर मंडळींचीही तीच तऱ्हा होती म्हणा.

बोलायचा तो एकच वाक्य. "जेवली काय?" सासूबाई दिवसभर ज्याला त्याला तेच विचारतात, ते त्यानं उचललं. गॅसवाला आला, जेवली काय? मीटर बघायला माणूस आला, जेवली काय? माझा नवरा बीरगांवच्या एका कारखान्याच्या ऑफिसात आहे. तो संध्याकाळी थकून दारात पाय ठेवतो न ठेवतो तोच आतून प्रश्न यायचा, आणि तो बिचारा रोज उत्तर द्यायचा, "नाही रे, अजून नाही." मी विचारलं असतं तर एवढ्या प्रेमानं उत्तर मिळालं नसतं.

तर हा प्रश्न यायचा थांबला. आम्हाला वाटलं, म्हातारा झाला, आता किती बडबड करणार? मग चोच वाढायला लागली. वाढून आत वळली, दाणा धरताना निसटायला लागला. दिवसा डोळे मिटून बसायचा. श्वास घेताना शेपटी खालीवर हलायची. विष्ठेचा रंग बदलला, पोपटी असायची ती पिवळी पडली. एका डोळ्यावर पांढुरकी साय आली. पायाच्या तळव्याला लाल गोल फोड आली, म्हणून तो एक पाय उचलून बसायचा आणि आम्ही कौतुकानं म्हणायचो, बघा, ध्यानाला बसला. मग एक दिवस तो दांडीवरून खाली पडला. धप्प आवाज झाला. सासूबाई देवापाशी वाती वळत होत्या, त्या तशाच उठून आल्या.

"म्हातारा झाला तो," माझा नवरा म्हणाला. समजावण्याच्या सुरात.

"म्हातारी तं मीही झाली," सासूबाई म्हणाल्या. "मले दवाखान्यात नेतोस का नाही तू? का म्हातारी झाली म्हणून पडू देतोस?"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

पक्ष्यांचं बघणारी डॉक्टर शोधायला वेळ लागला. गाई-म्हशींचे, कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ. पोपट म्हटलं की फोनवर शांतता. शेवटी पंडरीच्या पुढे एक सापडली. नवरा ऑफिसात, म्हणून आम्ही दोघी निघालो, ई-रिक्षानं. पिंजरा सासूबाईंच्या मांडीवर, वर माझी जुनी सुती ओढणी. नेहमीचा रस्ता खोदलेला, म्हणून रिक्षावाल्या भैयानं गाडी घातली सदर बाजारातून. झालं! पुढे स्कूटर, मागे स्कूटर, बाजूला कापडाच्या गाठी उतरवणारे हातठेले. हॉर्न असे की आपलंच डोकं उठावं, तर त्या जिवाचं काय झालं असेल! सासूबाई ओढणीच्या आत तोंड घालून त्याच्याशी बोलत होत्या, "काही नाही रे, काही नाही, बाजार आहे." शेजारच्या स्कूटरवरची बाई मला विचारते, "आंटी, बच्चा बीमार है क्या?" मी "हव" म्हणून होकार दिला. कुठं समजावत बसायचं.

डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी. आमचं मराठी तिला सगळं समजत होतं, आजी मूळची अमरावतीची म्हणाली, पण उत्तरं सगळी हिंदीत. तिनं त्याला टॉवेलमध्ये असं गुंडाळलं की चावायला वावच ठेवला नाही. वजन केलं, छातीचं हाड बोटानं चाचपलं, चोच उघडून आत बघितलं, पिसं फुंकून खालची कातडी बघितली. मग विचारलं, "खाता क्या है?"

"साधंच," सासूबाई म्हणाल्या. "सूर्यफुलाच्या बिया, पोळी, चहात भिजवलेला बिस्किटाचा तुकडा. आन् सोमवारी त्याचा उपास राह्यते."

डॉक्टरनं मान वर केली. "व्रत? और व्रत में क्या खाता है, दादी?"

सासूबाईंनी सगळं सांगितलं. अभिमानानं सांगितलं. उसळ, शेंगदाणे, लाडू, शिरा. ती मुलगी ऐकता ऐकता हसायला लागली, मग तोंडावर हात धरला, आणि म्हणाली, "दादी, ये व्रत नहीं है। ये तो बारात का खाना है।"

मला इतकं हसू आलं की मी खिडकीकडे तोंड केलं. पण ती लगेच गंभीर झाली. त्याच्या लिव्हरवर चरबी चढली होती. म्हाताऱ्या पोपटांमध्ये हे फार बघायला मिळतं, ती म्हणाली, बहुतेक सगळे बिया, शेंगदाणे आणि तूप-साखर खाऊनच येतात. चोच वाढते ती त्यामुळेच, दम लागतो तोही त्यामुळेच. भाज्या पोटात नाहीत, म्हणून जीवनसत्त्व अ नाही, म्हणून पिसं फिकी आणि नाक सतत बंद. पायाची फोड एकाच गुळगुळीत दांडीवर वर्षानुवर्षं बसून. डोळ्यात मोतीबिंदू, तो राहणार, पण पिंजऱ्यातल्या वस्तू हलवल्या नाहीत तर त्याचं अडत नाही. तिनं चोच घासून नीट केली, पायाला मलम दिलं, थेंबांची बाटली दिली. आणि जाता जाता हेही सुनावलं, की हा उडू शकत नाही, म्हातारा आहे, याला आता जंगलात सोडणं म्हणजे मारणं. पण यापुढे कधी दुसरा पोपट घरात आणायचा नाही. सासूबाईंनी कानाला हात लावला.

"याचं खाणं बदललं तर वाचेल न?" त्यांनी विचारलं.

"बदलेगा तो जिएगा, दादी। नहीं बदलेगा तो ज़्यादा दिन नहीं." पोपट कळपानं खातात, ती म्हणाली. कळप जे खातो ते त्यालाही खावंसं वाटतं. आता त्याचा कळप म्हणजे तुम्ही. त्याच्यासमोर बसून भाज्या खा, तो आपोआप शिकेल.

ऐकायला केवढं सोपं! दुसऱ्या दिवशी मी गाजर किसलं, शिमला मिरची चिरली, लाल भोपळ्याच्या फोडी उकडल्या, मुनग्याचा पाला धुऊन ठेवला. मुनगा म्हणजे शेवगा, तो इथे ज्याच्या त्याच्या अंगणात असतो. सगळं वाटीत घालून पिंजऱ्यात ठेवलं. त्यानं वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, एकेक फोड चोचीत धरली आणि नेमकी माझ्या साडीवर फेकली. मग मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि कच्चं गाजर कडाकडा चावून खाल्लं. त्यानं पाठ फिरवली. मग नवऱ्याला बसवलं. माझा नवरा आयुष्यात भाजीत शिमला मिरची दिसली तर ताटाच्या कडेला काढून ठेवणारा माणूस. तो ऑफिसला जायच्या आधी पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसून कच्ची शिमला मिरची खात होता आणि "वा वा, क्या बात है" म्हणत होता. मी ते बघून सगळा राग विसरले. पोपट मात्र झोपून गेला.

त्याच्या लेखी आम्ही कळपातले नव्हतोच. त्याचा कळप एकच होता. आणि त्या कळपाला दात नव्हते.

सासूबाईंची कवळी आहे, कच्चं गाजर त्यांना चावणं शक्य नाही. आणि पालेभाजीशी त्यांचं जुनं वैर. त्यातही इथली लाल भाजी, म्हणजे आपला लाल माठ. छत्तीसगडात हिवाळा आला की घरोघरी लाल भाजी शिजते, भात लालेलाल होतो. मला आवडते, नवऱ्याला आवडते. सासूबाईंनी मात्र रायपुरात उभा जन्म काढला पण लाल भाजीला कधी तोंड लावलं नाही. "आमच्या वर्ध्याकडं असं रंगवून खात नाहीत," हे त्यांचं ठरलेलं. आता ती मऊ शिजते, कवळीला चालते, आणि डॉक्टरनं नाव घेऊन सांगितलेली. मी बिनमिठाची शिजवली, थोड्या भातात कालवली आणि त्यांच्यापुढे ठेवली. वाटलं होतं महाभारत होईल. त्यांनी पिंजरा जवळ ओढला, एक घास त्याच्यासमोर धरला, आणि तो स्वतःच्या तोंडात घातला. चेहरा असा केला की कडू काढा पिऊन राहिल्या. पण गिळला. तो मान वाकडी करून चांगल्या डोळ्यानं बघत होता. दुसरा घास त्यांनी त्याच्याकडे नेला. त्यानं चोचीनं टोकरला, थुंकला, परत टोकरला. मग खाल्ला.

मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. आता का पुसले, ते मला विचारू नका. चोचीला लाल रंग, पिसांना लाल रंग, सासूबाईंच्या पांढऱ्या पातळाला लाल रंग, आणि दोघं कसे खूश!

मग आमची गाडी रुळावर आली. बाजारात भाजीवाली मला बघून स्वतःच जुडी काढून ठेवायची, "सुआ बर?" म्हणून विचारायची. सुआ म्हणजे पोपट, बर म्हणजे साठी. मी म्हणायची, "हव, सुआ बर, आन् सुआच्या आईबर." नवऱ्यानं पेरूच्या जाडबारीक फांद्या तोडून आणल्या, गुळगुळीत दांडी काढून त्या बसवल्या, एका फांदीला जुन्या पातळाची चिंधी गुंडाळली. पायाची फोड सुकायला लागली. सकाळी व्हरांड्यात कोवळ्या उन्हात पिंजरा ठेवायचा, सासूबाईंची खुर्ची शेजारी. पण सोमवार यायचा होता.

सासूबाईंचा सोमवार साधा नव्हता. माझा नवरा लहान असताना त्याला टायफॉइड झाला होता. क्वार्टरात ताप उतरत नव्हता, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि सासूबाईंनी शंकराला सांगितलं, पोरगा उठून बसला तर जिवात जीव आहे तोवर सोमवार सोडणार नाही. पोरगा उठून बसला. आता त्याचं पोट सुटलंय, केस पांढरे झालेत, रिटायरमेंट जवळ आलीय, पण सोमवार चालूच. बाळंतपण, दुखणी, सासऱ्यांचं जाणं, काही आड आलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला एकदाच विचारलं होतं, "तू धरशील काय गं सोमवार?" मी सरळ सांगितलं, मला जमणार नाही. मला भूक सहन होत नाही. भूक लागली की माझं डोकं फिरतं, आणि मग समोर कोण आहे ते मी बघत नाही. त्यांनी परत कधी विचारलं नाही.

तर सोमवार आला आणि सासूबाईंनी जाहीर केलं, "मी आज काहीच घेत नाही. त्याले गाजर दाखवू आन् त्याच्या तोंडासमोर मी शेंगदाणे खाऊ? एवढी काही मी दुष्ट नाही." म्हणजे बिनसाखरेचा चहा आणि पाणी, थेट संध्याकाळपर्यंत. बरं, त्या खात नाहीत म्हटल्यावर तोही खाईना. मी भाजी ठेवली, भोपळा ठेवला. तो सासूबाईंच्या तोंडाकडे बघत बसला. तोंड हललं नाही, त्याची चोच हलली नाही. संध्याकाळी दिवा लावायला गेले तर तो पिंजऱ्याच्या तळाशी, पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून.

त्या दिवशी मात्र माझ्या जिवाचं पाणी झालं. नवऱ्यानं गाडी काढली, डॉक्टरनं नळीनं पातळ अन्न पोटात घातलं, उबेला ठेवला, आणि तो वाचला. पण ती मुलगी चांगली चिडली होती. लिव्हर आधीच थकलेलं आहे, अशा पक्ष्याला दिवसभर उपाशी ठेवायचं नाही, ती म्हणाली. पुढच्या वेळी मी काही करू शकेन असं समजू नका.

आता आली का पंचाईत! पुढचा सोमवार आठवड्यावर. सासूबाईंच्या उपासाला भात, भाजी, भोपळा काही चालत नाही; रताळं चालतं, म्हणून मी ते उकडून पाहिलं. सासूबाईंनी खाल्लं, त्यानं ते चोचीला चिकटतं म्हणून पिंजऱ्याच्या गजांना पुसून टाकलं. नवरा म्हणाला, आई, नुसतं खाल्ल्यासारखं कर. त्यांनी घास ओठांपर्यंत नेऊन खाली ठेवला. तो बघत राहिला, गिळलेलं दिसेना, मग चोच उघडेना. "आन् देवासमोर नाटक करू काय मी?" सासूबाई उलट नवऱ्यावरच उखडल्या.

शेवटी नवरा म्हणाला, "सोड न मग उपास. मी काय आता टायफॉइडनं मरून राहिलो?"

"तोंड सांभाळ!" सासूबाई इतक्या जोरात ओरडल्या की पोपट फांदीवर दचकला. मग त्या रडायला लागल्या. त्यांना मी सासरे गेले तेव्हाच काय ते रडताना पाहिलं होतं. "त्याले मरू देऊ का तुले?" त्या म्हणाल्या. "सांग न. कोनाले?"

आणि खरं सांगते, मला हसू आलं नाही. मी देवदेव करणारी नाही. उपासानं ताप उतरतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण "सोड उपास" हे शब्द नवऱ्याच्या तोंडून निघाले आणि माझ्याच छातीत धस्स झालं. त्याला अलीकडे बीपीची गोळी सुरू झालीय. संध्याकाळी यायला उशीर झाला की मी फाटकाशी उभी राहते. इतकी वर्षं एक बाई त्या माणसासाठी उपाशी राहत होती, आणि मी मजेत पोळ्या लाटत होते. आता ते थांबणार म्हटल्यावर मला भीती वाटली. नुसती भीती. अशी भीती वाटल्याचा मला रागही आला.

रविवारी संध्याकाळी मी लाल भाजी निवडत बसले होते. सासूबाई येऊन समोरच्या पाटावर बसल्या. थोडा वेळ त्याही देठं मोडत राहिल्या. शेवटी मीच म्हटलं, "आई, उद्याचं काय करायचं?"

"तेच पाहून राहिली."

"मी धरू काय?"

त्यांचा हात थांबला. माझाही थांबला, कारण हे मी बोलले यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

"काय धरू म्हणते?"

"सोमवार. तुम्ही मले देऊन टाका. मी करते. तुम्ही त्याच्यासंग जेवा."

मला वाटलं, म्हणतील, तुझ्यानं कुठं होते. त्या म्हणाल्या, "चिडशील दिवसभर."

"चिडीन."

"पोराले बोलशील घालून पाडून."

"तं बोलीन न. त्याच्यासाठीच तं उपाशी राहून राहिली."

मग त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं परत रडतात की काय, पण त्या हसत होत्या. हसता हसता म्हणाल्या, "मी गेल्यावर कोन धरीन, हे एकच माह्या डोक्यात राह्यत होतं बाई. तू एकदा नाही म्हटलं, मंग तुले मागायची लाज वाटे."

इतकी वर्षं त्या एका छताखाली माझ्यासोबत हे मनात घेऊन राहिल्या. मी म्हटलं, "ते देठं नीट मोडा, जाड राह्यले तं त्याच्या घशात अडकतीन."

सोमवारी सकाळी त्यांनी मला देवापुढे बसवलं. माझ्या ओंजळीत पाणी आणि बेलाचं पान दिलं आणि महादेवाला सांगितलं, आतापर्यंत मी केलं, आता ही करते, माणूस तोच आहे. तो माणूस मागे दारात उभा होता, डबा हातात घेऊन, आणि काय करावं न सुचून नुसता घसा खाकरत होता. आज त्याच्या डब्यात मी भोपळा टाकला होता. त्यानं हूं की चूं केलं नाही.

आता पुष्कळ सोमवार झाले. पोपट बरा आहे. म्हातारा आहेच, एक डोळा गेल्यातच जमा, जवळ जाताना आधी आवाज द्यावा लागतो. थंडीत पाय आखडतात, म्हणून रात्री पिंजऱ्यावर गोधडी. पण चोच आता वाढत नाही, शेपटी हलत नाही, विष्ठा आपल्या मूळ रंगावर आलीय, आणि हे मी कुणालाही आनंदानं सांगते, ऐकणाऱ्याचं जेवण चाललं असलं तरी. सासूबाईंनाही भाजी मानवली. त्यांना आता लाल भाजी आवडते. कबूल करत नाहीत, पण जुडी लहान आणली तर विचारतात, "एवढीच काहून आणली?"

मला मात्र भूक अजून सहन होत नाही. उसळ खाऊन माझं भागत नाही, दुपारी डोकं भणभणतं, आणि भांडी जरा जास्तच वाजतात. गेल्या सोमवारी अशीच वैतागून मी व्हरांड्यातून कपडे काढायला गेले. सासूबाई खुर्चीवर बसून लाल भात जेवत होत्या, मांडीजवळ पिंजरा, दोघांचीही तोंडं रंगलेली. माझी पावलं ऐकून त्यानं मान वळवली, चांगला डोळा माझ्याकडे केला, आणि किती महिन्यांनी, खरखरीत आवाजात, विचारलं, "जेवली काय?"

मला. जिला चावायचा, तिला.

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी तोंडातला घास गिळला आणि माझ्या वतीनं त्याला सांगितलं, "नाही जेवली रे ती. आज तिचा सोमवार आहे."